रिटायरमेंटनंतर राहायचं कुठं? घरात एकमत होत नाहीये

उंबरठा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं माकलं तर सांभाळून घ्या.

हे पुढच्या वर्षी रिटायर होतायत. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठे आहेत, पण मीही त्यांच्याबरोबरच नोकरी सोडावी असं चाललंय, आणि तेव्हापासून घरात एकच विषय, यापुढे राहायचं कुठं. ह्यांनी डोंगराच्या बाजूला एक जागा हेरून ठेवलीय. छोटं बैठं घर, मागं थोडी जमीन, हवा मस्त, आवाज अजिबात नाही. सुट्टीत आम्ही तिथं बरेचदा राहिलोय आणि खोटं कशाला बोलू, मलाही आवडतं. पण कायमचं जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. आत्ताचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पण शेजार सोन्यासारखा आणि सगळं चालत जाण्यासारखं. मुलगी दुसऱ्या शहरात, तिचं म्हणणं आमच्या जवळ फ्लॅट घ्या, लांब राहून रोज फोनवर काळजी नको. आणि एका मैत्रिणीनं सीनियर लिव्हिंगचं, म्हणजे ज्येष्ठांसाठी बांधलेल्या वसाहतीचं, माहितीपत्रक आणून दिलं ते ह्यांनी न उघडताच बाजूला सारलं, "मी काय म्हातारा झालोय का" म्हणून.

गुण देऊन यादी करून पाहिली, तर प्रत्येकाच्या यादीत ज्याचा त्याचा पर्याय पहिला आला :) ज्यांनी हे सगळं केलंय त्यांनी सांगा, ठरवलं कसं? कुठलं चांगलं हे विचारत नाहीये, ठरवताना बघायचं काय ते विचारतेय.

निवांत

आम्ही शहर सोडून लांब येऊन राहिलो त्याला आता बरीच वर्षं झाली आणि मजेत आहोत, त्यामुळे तुमच्या मिस्टरांच्या बाजूनं एक मत धरा. पण...

सुट्टीत राहणं आणि तिथंच राहणं ह्या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. सुट्टीत तुम्ही चांगल्या दिवसांत जाता, सामान बरोबर नेता, आणि काही बिघडलंच तर दोन दिवसांनी परत जायचंच असतं. राहायला गेलं की पंप बंद पडतो तो नेमका शनिवारी संध्याकाळी, दुरुस्तीवाला "उद्या येतो" म्हणतो, त्याचा उद्या मंगळवारी उगवतो, तोवर तुम्ही टाकीत वाकून डबड्यानं पाणी काढताय. साठीला हे गमतीचं वाटतं, मी स्वतः एंजॉय केलंय. पंच्याहत्तरीला कंबर काय म्हणेल ते कंबरेलाच विचारा.

म्हणून आधी भाड्यानं राहा. आणि सुरुवात वर्षातल्या सगळ्यात वाईट ऋतूत करा, जेव्हा पर्यटक फिरकत नाहीत, अर्धी दुकानं बंद असतात, रस्ता कधी चालू कधी बंद. तो ऋतू निभावला तर मग पुढचं बोला. वर्षभर तरी आत्ताचं घर विकू नका, हे अगदी हात जोडून सांगतो, कारण शहरातलं घर एकदा गेलं की त्याच भागात परत घेणं जमतंच असं नाही, भाव आपल्यासाठी थांबत नाहीत.

आणखी एक, पहिल्या वर्षी पाहुण्यांची रीघ लागते. सगळे म्हणतात काय नशीबवान आहात. दुसऱ्या वर्षी निम्मे. नंतर तुम्ही आणि तिथलेच लोक, तेव्हा तिथल्या लोकांशी जमतंय का हे हवेपेक्षा जास्त महत्त्वाचं. आमचं जमलं कारण बायकोनं पहिल्याच महिन्यात तिथल्या वाचनालयात जाऊन बसायला सुरुवात केली. मी एकटा असतो तर बागेतल्या झाडांशीच बोलत बसलो असतो.

गुडघेदुखी_डॉट_नेट

मी फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर साठीच्या पुढचीच माणसं बघते, त्यामुळे माझं लक्ष गावाकडे कमी आणि घराकडे जास्त जातं.

ताई, तुमचं तिसऱ्या मजल्यावरचं घर, लिफ्ट नाही, हे तुम्ही एका ओळीत उरकलंत पण सगळ्यात मोठी अडचण मला तीच वाटते. जिने चढणं व्यायाम म्हणून छानच आहे, चढता येतंय तोवर जरूर चढा. पण खुब्याचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालं की कित्येक आठवडे माणूस घरात अडकतो, आणि शेजार कितीही सोन्यासारखा असला तरी तो रोज तुम्हाला उचलून खाली आणणार नाही. माझे असे पेशंट आहेत ज्यांचं जग खिडकीपुरतं उरलंय, तब्येत तशी बरी असूनही, केवळ जिन्यामुळे.

डोंगरातलं घर बैठं आहे हे चांगलं. पण ते बघायला जाल तेव्हा देखावा बाजूला ठेवा आणि सोबत मोजपट्टी घेऊन जा. बाथरूमचं दार उघडल्यावर मोकळी जागा किती उरते? व्हीलचेअरला साधारण ८०-८५ सेंटिमीटर लागते, आणि जागच्या जागी वळवायला दीड मीटरचं वर्तुळ. बऱ्याच घरांत बाथरूमचं दार सगळ्यात अरुंद असतं, म्हणजे जिथं मदत लागणार नेमकं तिथंच खुर्ची आत जात नाही. फाटकापासून दारापर्यंत पायऱ्या असतील तर उतार करायला जागा आहे का बघा. प्रमाण १ ला १२ धरतात, म्हणजे अर्धा मीटर उंचीसाठी सहा मीटर लांब उतार. डोंगराळ जागेवर इतकी सपाट लांबी बहुतेक वेळा मिळतच नाही. आणि उजेड!! वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, बाहुली लहान होते, साठीच्या माणसाच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर दिवा नाही आणि मध्ये एक इंचाचा उंबरठा आहे, ह्या दोन गोष्टींवर माझा अर्धा धंदा चालतो. (तुमच्या आयडीला उद्देशून नाही हं.)

हॉस्पिटलबद्दल बोलताना सगळे अँब्युलन्सचं विचारतात. ते खरंच आहे, मेंदूच्या पक्षाघातात गुठळी विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते सुद्धा आधी स्कॅन करून, म्हणजे जवळचं कुठलंही हॉस्पिटल चालत नाही, स्कॅन असलेलं आणि रात्रीही चालू असलेलं लागतं. पण मला जास्त काळजी वाटते ती परत परत जाव्या लागणाऱ्या उपचारांची. डायलिसिस म्हणजे बहुतेकांना आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी साधारण चार तास. रेडिएशन म्हणजे अनेकदा आठवड्यातले पाच दिवस, कित्येक आठवडे. सेंटर दीड तासावर असेल तर आयुष्य रस्त्यातच जातं आणि बरोबर जाणाऱ्याचंही जातं. तेव्हा एकदाच्या इमर्जन्सीसाठी किती लांब हे विचाराच, पण आठवड्यातून तीनदा जमेल का हेही विचारा.

उंची किती आहे तिथली? दोघांपैकी कुणाला दमा, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार), हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटरवर प्राणवायूचा दाब खालच्या मानानं तीन चतुर्थांशच असतो. हवा शुद्ध असली तरी विरळ असते, हे दोन वेगळे मुद्दे आहेत आणि लोक ते एकच समजतात.

उंबरठा

@गुडघेदुखी, बापरे. उंची एवढी नाहीये, त्याच्या निम्म्याहून कमी असेल, पण पायऱ्या आहेत, फाटकापासून दारापर्यंत चांगल्याच. मी त्यांच्याकडे फुलझाडांच्या कुंड्या ठेवायची जागा म्हणूनच बघत होते.

बिनधास्त_आजी

एवढा काथ्याकूट कशाला. मुलीजवळ जा. शेवटी आपलं माणूस ते आपलं माणूस. मी लेकाच्या गल्लीतच राहते, वेगळं घर, वेगळी किल्ली, वाटलं तर जाते, नाही वाटलं तर दार लावून वाचत बसते. फक्त एक अट, एकाच घरात राहायला जाऊ नका. चालत दहा मिनिटं हे उत्तम अंतर, नातवंडं आपली आपण येऊ शकतात आणि भांडण झालं तर घरी जाता येतं.

पाटी_पेन्सिल

आजी, तुमचं जमलं ते चांगलंच, पण सगळ्यांना लागू होईल असं नाही. मुलं ज्या गावात आहेत तिथंच राहतील याची खात्री काय? नोकरी बदलली, बदली झाली, परदेशी संधी आली की ती जाणारच, आणि जावंही. मग तुम्ही अनोळखी शहरात, स्वतःची माणसं सोडून आलेले. आमच्या ओळखीत एका जोडप्याचं हेच झालं, मुलाजवळ घर घेतलं आणि दोन वर्षांत मुलगा सहकुटुंब तिसऱ्याच ठिकाणी गेला. ते अजून तिथंच आहेत, ना धड इकडचे ना तिकडचे. नातवंडं सांभाळायचं काय ते पण जायच्या आधीच मोकळेपणानं बोलून घ्या, रोज की कधीमधी. न बोलता गेलं की दोन्हीकडे गृहीत धरलं जातं आणि मग मनात साठत जातं.

बिनधास्त_आजी

@पाटी_पेन्सिल, मान्य. पण मूल जाईल म्हणून आधीच लांब राहायचं म्हणजे पाऊस पडेल म्हणून घराबाहेरच न पडणं झालं. त्या गावात मूल नसतं तरी आपण राहिलो असतो का एवढं मात्र विचारा स्वतःला. उत्तर हो असेल तर खुशाल जा.

बारीक_अक्षर

सीनियर लिव्हिंगवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी करारमदार वाचायचं काम करत होतो आयुष्यभर, त्यामुळे चित्रांपेक्षा मागची पानं आधी वाचतो.

पहिला प्रश्न, तुम्ही नक्की काय विकत घेताय. घराची मालकी, की हयातीपर्यंत राहायचा हक्क, की नुसता डिपॉझिट ठेवून वापर? तिन्हींची जाहिरात एकसारखीच दिसते. हयातीचा हक्क असेल तर तो दोघांच्या नावावर आहे का, एक गेल्यावर दुसऱ्याला त्याच अटींवर राहता येतं का, की नव्यानं पैसे भरायचे. सोडून जायचं ठरवलं तर किती कापून परत देणार आणि कधी, म्हणजे नवीन माणूस आल्यावर देणार असं लिहिलंय का, कारण तो येईलच कशावरून आणि कधी.

दुसरा, महिन्याचा खर्च. आज किती हे सगळे विचारतात, दरवर्षी किती वाढू शकतो हे कोणी विचारत नाही. ७२ ला वाढीच्या टक्क्यानं भागा, तेवढ्या वर्षांत रक्कम साधारण दुप्पट होते. ८ टक्के वाढ असेल तर ९ वर्षांत दुप्पट, अठरा वर्षांत चौपट. तुमची पेन्शन तशी वाढते का? नसेल तर पंच्याऐंशीव्या वर्षी तुम्ही घर शोधत फिरताय असं होईल, आणि ते वय घर शोधायचं नाही.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि विचारायला लोक लाजतात. अंथरुणाला खिळलो किंवा स्मृतिभ्रंश झाला तर इथंच ठेवणार की "आमच्याकडे ती सोय नाही" म्हणून काढणार? बऱ्याच ठिकाणी फक्त हिंडत्याफिरत्या माणसांसाठीच सोय असते. म्हणजे ज्या दिवसासाठी तुम्ही तिथं गेलात त्याच दिवशी बाहेर. हे तोंडी सांगितलेलं चालत नाही, करारात दाखवा म्हणायचं.

मिस्टरांनी पत्रक बाजूला सारलं ते एका अर्थी ठीक, पत्रकात काही नसतंच. पण तिथं जाऊन दुपारी तीन वाजता नुसतं बसा. सेल्सवाला दाखवतो ते सगळं सकाळी असतं. दुपारी लोक काय करतात, एकमेकांशी बोलतात की खोलीत टीव्ही लावून बसतात, त्यावरून जागा कळते.

एकटी_पण_बरी

सगळ्यांचं वाचलं. ताई, एक गोष्ट जरा स्पष्ट लिहिते, राग मानू नका.

तुम्ही लिहिलंय की मिस्टर पाच वर्षांनी मोठे. जगभरातलं सरासरी आयुर्मान बघितलं तर बायका पुरुषांपेक्षा साधारण पाच वर्षं जास्त जगतात. दोन्ही मिळून दहा होतात. सरासरी आहे, तुमच्या बाबतीत उलटंही होईल, होवोच, पण घर निवडताना ही दहा वर्षं हिशोबात धरलेली मला कुणाच्याच यादीत दिसत नाहीत. दोघं मिळून जिथं छान राहतील असं घर शोधतात सगळे. दोघांपैकी एकच उरल्यावर ते घर कसं असेल, आणि उरलेली तुम्ही असाल तर तुम्हाला तिथं राहावंसं वाटेल का?

माझं झालंय म्हणून सांगते. हे गेले तेव्हा आम्ही मोठ्या रस्त्यापासून आत राहत होतो, दोघंही घरातलं सगळं करायचो पण गाडी फक्त तेच चालवायचे. माणूस गेल्याचं दुःख असतंच, त्यात दुधाची पिशवी आणायलासुद्धा कुणाला तरी फोन करावा लागायचा, ह्यानं मी जास्त खचले. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे ह्या दोघांनी १९६७ साली आयुष्यातल्या ताणांना गुण देऊन एक यादी केली होती, त्यात जोडीदाराचा मृत्यू सगळ्यात वर, १०० गुण. रिटायरमेंटला ४५. घर बदलण्याला २०. लोक रिटायरमेंट आणि घर बदलणं एकाच महिन्यात उरकतात, ते एकवेळ पेलतं. पण जोडीदार गेल्यावर लगेच घरही बदलायला लागणं, हे कुणावर येऊ नये. माझ्यावर आलं. नवीन जागेत पहिले काही महिने मला रात्री उठल्यावर भिंत कुठल्या बाजूला आहे ते कळायचं नाही.

तुम्ही गाडी चालवता का? आणि ते चालवायचे थांबल्यावर तुम्ही चालवाल का? आणि तुम्हीही थांबल्यावर काय, तिथं बस आहे का, दर किती वेळानं? डोळ्यांमुळे म्हणा, औषधांमुळे म्हणा, गाडी एक दिवस सगळ्यांचीच सुटते, आणि त्यानंतरही माणूस बरीच वर्षं जगतो. मी आता बसस्टॉपच्या समोर राहते, आवाज येतो, धूळ येते, पण कुणाला फोन करावा लागत नाही.

निवांत

@एकटी_पण_बरी, हे वाचून बायकोला दाखवलं. ती म्हणाली मी कधीपासून हेच सांगतेय. आमच्याकडे दोघंही गाडी चालवतो म्हणून मी हा मुद्दा लिहिलाच नव्हता, पण मला रात्रीची गाडी आता नको वाटते, समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात, हे खरंय.

कट्टेकरी

मला एवढं कळत नाही पण शेजाराबद्दल बोला की कोणीतरी. ताईंनी "सोन्यासारखा शेजार" लिहिलं आणि सगळे पुढं गेले. चाळीस वर्षांच्या ओळखी साठीत नव्यानं होत नाहीत. होतात, पण त्या वेगळ्या. दार सकाळी उघडलं नाही तर कोण येऊन ठोठावणार, याचं उत्तर ज्या घरात आहे ते घर मी सोडणार नाही. जिन्याचं म्हणाल तर त्याच सोसायटीत किंवा गल्लीत तळमजल्याचं घर बघा ना, भाड्यानं का होईना. हा पाचवा पर्याय कुणाच्या डोक्यात कसा आला नाही?

गुडघेदुखी_डॉट_नेट

+१ @कट्टेकरी. आणि स्मरणशक्ती कमी व्हायला लागली की ओळखीच्या गल्लीत माणूस सवयीनं घरी पोचतो, नवीन गावात ते शिकायलाच अवघड जातं. जायचंच असेल तर डोकं-पाय दोन्ही शाबूत असताना जा, म्हणजे नवी सवय लागायला वेळ मिळतो. ऐंशीला हलवलेली माणसं फार गोंधळतात.

उंबरठा

किती छान लिहिलंत सगळ्यांनी, एकेकाला वेगळं उत्तर देत नाही, राग मानू नका. काल हा धागा ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. आजींचं ऐकून हसले, एकटी_पण_बरी ह्यांचं वाचताना मला मध्येच थांबायला लागलं. मग बराच वेळ काही बोलले नाहीत आणि शेवटी म्हणाले, "तुला गाडी शिकायला लावायला हवी होती." मी म्हटलं अजूनही शिकेन, पण डोंगरातल्या वळणांवर नाही.

सध्या एवढं ठरलंय की डोंगरातलं घर घ्यायचं नाही, वर्षभर भाड्यानं राहून बघायचं, तेही वाईट ऋतूपासून सुरू करून. वर्ष झाल्यावर मला नको वाटलं तर वाद न घालता परत यायचं, हे त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. आणि इकडे गल्लीत तळमजल्याचं काही निघतंय का त्यावर शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितलंय. मुलगी जरा रुसलीय. तिला आजींचा दहा मिनिटांचा नियम सांगितला तर म्हणाली, मग या ना दहा मिनिटांवर.

@बारीक_अक्षर, वर्षभर आमचं घर बंद ठेवावं की कुणाला द्यावं? ह्यांचं म्हणणं भाडं येईल तर तिकडचं भाडं निघेल.

बारीक_अक्षर

द्यायला हरकत नाही पण मग "नको वाटलं तर परत यायचं" हे कागदावरच राहतं, कारण परत यायला घर रिकामं नसेल. दिलंत तर करारात तुम्ही नोटीस देऊन लवकर खाली करून घेऊ शकाल असं कलम टाका, आणि नोटीस किती दिवसांची ते तुमच्या तिकडच्या भाडेकराराच्या नोटीशीशी जुळवून घ्या, नाहीतर मध्ये महिनाभर सामानासकट मुलीकडे. परवडत असेल तर मी म्हणेन पहिले सहा महिने बंदच ठेवा, किल्ली शेजारी, महिन्यातून एकदा नळ सोडून बघायला सांगा.

बिनधास्त_आजी

महिनाभर मुलीकडे म्हणजे तिचं तर फावलंच की :)